एक नळी बंद, एक उघडी: दुर्बीण लावायची का?

पत्र

डॉक्टर, माझं वय ३२. अडीच वर्षं आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. पाळी नियमित आहे, सोनोग्राफी चांगली आहे, एएमएच (बीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) २.८ आलं. मिस्टरांचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट नॉर्मल आहे, पण तो दोन वर्षांपूर्वीचा. गेल्या महिन्यात एचएसजी, म्हणजे गर्भनलिकांची एक्स-रे तपासणी, केली. इतकं दुखलं की मी ओरडलेच. रिपोर्टमध्ये लिहिलंय की उजवी नळी गर्भाशयाच्या कोपऱ्यातच बंद आहे आणि डावीतून डाय (एक्स-रेवर दिसणारा द्रव) बाहेर पडला, पण उशिरा. आमच्या डॉक्टर लॅप्रोस्कोपी (पोटातून दुर्बीण) आणि हिस्टरोस्कोपी (गर्भाशयातून दुर्बीण) एकत्र करू म्हणतात. दुसरं मत घेतलं, तर ते म्हणाले नळ्यांच्या मागे लागू नका, सरळ आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, करा. मी वाचलं की थेट नळीच्या आत जाणारीही एक बारीक दुर्बीण असते. मग पोटाला भोकं पाडून बाहेरून कशाला बघायचं? मला भुलेची भीती वाटते, चौदाव्या वर्षी अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं तेव्हापासूनच. लग्नानंतर चार वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या म्हणून नळ्या बंद झाल्या असं घरात बोललं जातं. दुर्बिणीत सगळं चांगलं दिसलं, तर माझ्यात काही दोष नाही असं समजायचं का?

उत्तर

आधी गोळ्यांचं. गर्भनिरोधक गोळ्यांनी नळ्या बंद होत नाहीत. चार वर्षं घेतल्या काय नि दहा वर्षं घेतल्या काय, थांबवल्यावर अंडाशयाचं काम पुन्हा सुरू होतं आणि नळ्यांना त्यांचा काही उपद्रव झालेला नसतो. घरात पुन्हा विषय निघाला तर हा मजकूर त्यांना वाचायला द्या.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही भुलेच्या भीतीबद्दल लिहिताना जाता जाता सांगितली आहे, ती म्हणजे फुटलेलं अपेंडिक्स. तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी ते विचारलं होतं का, तुम्ही त्यांना सांगितलं होतं का, हे पत्रावरून कळत नाही. सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत सगळ्यात आधी तेच सांगा. दुर्बीण लावायची की नाही, याबद्दलचं माझं मत बरंचसं त्याच एका गोष्टीवर उभं आहे.

एचएसजीमध्ये गर्भाशयाच्या तोंडातून डाय सोडतात आणि एक्स-रेवर त्याचा प्रवास बघतात. गर्भाशयाची पोकळी कशी आहे आणि डाय नळ्यांतून पलीकडे पोचतो का, हे त्यात दिसतं. पण 'बंद' हा शेरा ही तपासणी कधीकधी फार घाईने मारते. नळी साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते आणि तिचा पहिला तुकडा गर्भाशयाच्या जाड स्नायूतून जातो. तिथली पोकळी एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद. दुखलं, भीती वाटली, डाय जोरात सोडला गेला, की तो स्नायू आवळतो आणि दार मिटतं. चिकट स्रावाचा एखादा बोळा तिथे अडकला तरी चित्र तेच दिसतं. शिवाय एका नळीतून डाय सहज वाहू लागला की तो तिकडेच धावतो आणि दुसरी भरतच नाही. तुम्ही वेदनेने ओरडलात, उजवी बाजू नेमकी कोपऱ्यातच थांबलेली दिसली, डावी उघडी निघाली. या तीन गोष्टी एकत्र बघितल्या तर उजवी नळी खरोखर बंद असेलच, अशी पैज मी लावणार नाही.

दुसरं असं की अपेंडिक्स फुटल्यामुळे झालेलं नुकसान सहसा या जागी नसतं. पोटात पू पसरतो तेव्हा नंतर तिथे चिकट पडदे तयार होतात. ते नळीला बाहेरून धरतात, तिच्या टोकाची झालर कुठेतरी चिकटवून टाकतात, अंडाशय झाकतात. गर्भाशयाजवळचा कोपरा अपेंडिक्सपासून बाजूला असतो. म्हणजे तुमच्या बाबतीत प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. उजव्या नळीच्या सुरुवातीचा अडथळा खरा आहे की भासमान, हा एक. आणि दोन्ही नळ्यांची टोकं मोकळी आहेत की पडद्यांत अडकलेली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एचएसजीने अर्धवट दिलं. दुसऱ्याबद्दल ती जवळपास काहीच सांगू शकत नाही, कारण नळीच्या बाहेर काय चाललंय ते एक्स-रेवर दिसत नाही. डावीतून डाय उशिरा पडला, यामागे तिथले पडदे असू शकतात. नसूही शकतात.

टोकाला एवढं महत्त्व का? बीज फुटतं तेव्हा नळीच्या टोकाची झालर अंडाशयाशी येऊन ते टिपून घेते. बीज १२ ते २४ तास जगतं, तेवढ्यात नळीच्या रुंद भागात त्याची शुक्राणूशी गाठ पडावी लागते. तयार झालेला गर्भ पुढचे तीन-चार दिवस नळीतच वाढतो, तिच्या स्रावावर पोसला जातो आणि मग गर्भाशयात उतरतो. नळीचं आतलं अस्तर घड्याघड्यांचं असतं आणि त्यावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात. पिकावरून वारा जावा तसे ते सगळे एका दिशेने लवत राहतात आणि गर्भाला पुढे नेतात. आता विचार करा. टोक मोकळं नाही, तर बीज आत येणार नाही. अस्तर खराब आहे, तर बीज आत येईल, कदाचित फळेल, पण गर्भ वाटेतच अडकेल. डाय मात्र दोन्ही वेळा पलीकडे पोचू शकतो. उघडी नळी आणि काम करणारी नळी यांत एवढं अंतर आहे.

नळीचं नुकसान व्हायला अपेंडिक्सच लागतं असं नाही. जगभर त्याचं मोठं कारण म्हणजे गर्भाशयातून वर चढणारा संसर्ग, त्यातही क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जंतू. तो पुष्कळदा कसलंही लक्षण न दाखवता येतो आणि जातो, त्यामुळे 'मला कधीच इन्फेक्शन झालं नव्हतं' हे कोणालाच खात्रीने म्हणता येत नाही. स्वीडनमधल्या लुंड इथे वेस्ट्रॉम यांनी ओटीपोटाच्या संसर्गातून गेलेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. एकदा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांपैकी सुमारे २० टक्के आणि तीन किंवा अधिक वेळा झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना नळ्यांमुळे गर्भ राहिला नाही. क्षयरोग आणि एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) हीही कारणं असतात. हे वाचून मागची वर्षं धुंडाळत बसू नका. क्लॅमिडियाची तपासणी मात्र दोघांनीही करून घ्या. दुर्बीण घालण्याआधी ती झालेली बरी, कारण आत लपलेला जंतू असेल तर तपासणीतच तो वर ढकलला जातो.

आता तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेली तपासणी. लॅप्रोस्कोपीत भूल देऊन बेंबीजवळ एक छोटा छेद घेतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि दुर्बीण आत घालतात. एक-दोन आणखी बारीक छेद हत्यारांसाठी लागतात. मग गर्भाशय, अंडाशय, नळ्यांचं बाहेरचं अंग, झालर, गर्भाशयामागची खोलगट जागा हे सगळं समोर दिसतं. अनुभवी डॉक्टर दुर्बीण वर वळवून यकृताकडेही नजर टाकतात. तिथे यकृत आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये पातळ तंतू ताणलेले दिसले, तर जुना क्लॅमिडिया किंवा तत्सम संसर्ग होऊन गेल्याची ती खूण असते. त्यानंतर खालून निळा डाय सोडतात आणि तो प्रत्येक नळीतून कसा येतो ते प्रत्यक्ष बघतात. स्नायू सैल असल्यामुळे भुलेत आवळण्याचा त्रास बराच कमी होतो. तरीही उजवीतून डाय आला नाही, तर डावी नळी चिमट्याने अलगद दाबून धरता येते, म्हणजे सगळा दाब उजवीकडे जातो. एचएसजीत बंद दिसलेल्या पुष्कळ नळ्या इथे उघड्या निघतात. एवढं करूनही अडथळा राहिलाच, तर हिस्टरोस्कोपीतून, म्हणजे गर्भाशयात घातलेल्या दुर्बिणीतून, उजव्या कोपऱ्यात एक अतिशय बारीक तार-नळी सरकवून मार्ग मोकळा करण्याचा प्रयत्न त्याच भुलेत करता येतो. वरून लॅप्रोस्कोपीची नजर असते, त्यामुळे तार भलतीकडे जात नाही. दोन्ही तपासण्या एकत्र करण्यामागचा तुमच्या डॉक्टरांचा विचार हाच असणार, आणि तो मला पटतो. टोकाशी पडदे दिसले, पातळ असले, तर तेही तिथेच सोडवता येतात.

तरीही मी प्रत्येक स्त्रीला लॅप्रोस्कोपी करा म्हणत नाही. अमेरिकेतली प्रजननतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते की ज्यांच्या वंध्यत्वाचं कारण सापडत नाही त्यांची सरसकट लॅप्रोस्कोपी करू नये. ब्रिटनमधली 'नाइस' ही संस्थाही म्हणते की ओटीपोटाचा संसर्ग, एंडोमेट्रिओसिस किंवा पूर्वी नळीत राहिलेला गर्भ असा इतिहास नसेल तर आधी एचएसजी पुरे. असा इतिहास असेल तर मात्र थेट लॅप्रोस्कोपी आणि डाय. फुटलेलं अपेंडिक्स मी याच रांगेत बसवते. ते तुमच्या इतिहासात नसतं, तर उजवीकडच्या शेऱ्याकडे फार लक्ष न देता डावीच्या भरवशावर आणखी काही महिने थांबा, किंवा एक्स-रे विभागात बारीक नळी घालून फक्त उजवा कोपरा तपासून घ्या, असं सांगितलं असतं.

आणि आतून बघणारी दुर्बीण? तुम्ही वाचलंत ते खरं आहे. १९९० मध्ये जॉन केरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॅलोपोस्कोपी प्रसिद्ध केली. साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीची लवचीक दुर्बीण, पोटाला छेद न घेता गर्भाशयाच्या तोंडातून आत जाऊन नळीत शिरणारी. तिच्यामुळे जिवंत शरीरात नळीचा सुरुवातीचा भाग आतून दिसू लागला. स्रावाचे बोळे, छोटे कोंब, आडवे पडदे, सपाट झालेलं अस्तर असं सगळं. एचएसजीत बंद म्हणून नोंदलेल्या काही नळ्यांत नुसता बोळाच अडकला होता, हेही तिनेच दाखवलं. कल्पना सुंदर होती आणि मला आजही तिच्याबद्दल आदर वाटतो. पण इतक्या बारीक दुर्बिणीतून चित्र धूसर येतं, टोक अस्तराला टेकलं की सगळं पांढरं दिसतं, तिचे तंतू सहज तुटतात, आणि क्वचित नळीला भोक पडतं. जे दिसतं त्यावरून निर्णय बदलेल इतकी खात्री पुष्कळदा मिळत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी ती रोजच्या कामात उरली नाही. जपानमध्ये तिचं एक रूप उपचार म्हणून टिकून आहे. तिथे बंद कोपरा उघडण्यासाठी आत उलगडत जाणारी फुग्याची नळी वापरतात.

तुम्ही विचारलंत की आतूनच का बघत नाहीत. कारण सुरुवातीचा भाग आतून बघूनही झालर मोकळी आहे का, हे कळत नाही, आणि तुमच्या बाबतीत तीच शंका मोठी आहे.

आत बघण्याची दुसरी एक पद्धत आहे, ती तुमच्या जास्त कामाची. तिला साल्पिंगोस्कोपी म्हणतात. लॅप्रोस्कोपी चालू असतानाच झालरीच्या बाजूने एक बारीक दुर्बीण नळीच्या रुंद भागात घालतात आणि सलाइनने घड्या फुलवून अस्तर बघतात. बेल्जियममधल्या लुव्हेन इथल्या ब्रोसेन्स, पुटमान्स आणि त्यांच्या गटाने १९८० च्या दशकात यावर बारकाईने काम केलं आणि अस्तराच्या पाच पायऱ्या ठरवल्या. पहिलीत घड्या शाबूत, तिसरीत कुठेकुठे एकमेकींना चिकटलेल्या, पाचवीत घड्या नाहीशाच. त्यांच्या कामातून एक गोष्ट पुढे आली, ती मी नेहमी लक्षात ठेवते: बाहेरून फुगलेली, वाईट दिसणारी नळी आतून बऱ्यापैकी निरोगी असू शकते, आणि बाहेरून बरी दिसणारी आतून संपलेली. ही सोय सगळीकडे नसते. नसेल म्हणून तुमची लॅप्रोस्कोपी वाया जाणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांना विचारा, 'झालर बिघडलेली दिसली तर आत बघण्याची व्यवस्था आहे का?' कारण खराब नळी दुरुस्त करायची की सोडून द्यायची, हे आतलं अस्तर बघून जास्त नीट ठरवता येतं.

आयव्हीएफचा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांवर रागावू नका. आयव्हीएफ जन्मालाच आलं ते नळ्यांना वळसा घालण्यासाठी. २५ जुलै १९७८ ला जन्मलेल्या लुईस ब्राउनच्या आईच्या, लेस्लीच्या, नळ्या बंद होत्या. पॅट्रिक स्टेप्टो यांनी लॅप्रोस्कोपीनेच तिच्या अंडाशयातून बीज काढलं होतं. तुमचं वय ३९ असतं, एएमएच फार कमी असतं किंवा मिस्टरांच्या शुक्राणूंची संख्या खूप घटलेली असती, तर मीही हेच सांगितलं असतं, कारण तेव्हा नळ्यांची परीक्षा कितीही चांगली झाली तरी मार्ग बदलत नाही. तुमचं वय ३२ आहे, एएमएच चांगलं आहे, एक नळी निदान डायला तरी वाट देते. तुमच्याकडे वेळ आहे. आणि हेही सांगते की उजव्या अंडाशयातून फुटलेलं बीज डाव्या नळीने टिपलेलं डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे. उजवी खरोखर बंद असली तरी ज्या महिन्यात बीज उजवीकडून सुटतं तो महिना फुकट गेलाच, असं नसतं.

पण कुठलीही दुर्बीण घालण्याआधी एक काम करा, आणि माझ्या दृष्टीने या उत्तरातलं तेच खरं काम आहे. मिस्टरांसह डॉक्टरांसमोर बसून प्रत्येक संभाव्य उत्तराला काय करायचं ते आधी ठरवा. दोन्ही नळ्या मोकळ्या आणि निरोगी निघाल्या, तर किती महिने घरच्या घरी प्रयत्न करायचे? पडदे सोडवावे लागले तर किती? दोन्ही नळ्या निकामी निघाल्या, तर आयव्हीएफ कधी? ज्या उत्तराने पुढचं काहीच बदलणार नाही, त्या उत्तरासाठी भूल घेऊ नये. माझा अंदाज असा की तुमच्या बाबतीत बदलेल.

याच बैठकीत एक अवघड प्रश्न येतो. आत गेल्यावर एखादी नळी पाण्याने भरलेली, टोकाला मिटलेली आढळली तर? अशा नळीतलं पाणी गर्भाशयात झिरपतं आणि त्यामुळे आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणून आयव्हीएफच्या आधी ती काढतात किंवा गर्भाशयाजवळ बांधतात, आणि तसं केल्याने यश सुधारतं हे सिद्ध झालेलं आहे. पण हा निर्णय तुम्ही भुलेत असताना बाहेर बसलेल्या नातेवाइकांकडून 'हो' म्हणवून होऊ नये. 'गरज पडेल ते करा' अशा मोघम वाक्याखाली सही करू नका. नळी काढायला तुमची तयारी आहे, किंवा नाही, किंवा एकच असेल तर हो पण दोन्ही असतील तर आधी जागी करा, जे असेल ते स्पष्ट शब्दांत संमतिपत्रावर लिहून घ्या. दोन्ही नळ्या गेल्यावर आयव्हीएफशिवाय मार्ग राहत नाही. एवढी मोठी गोष्ट शुद्धीत असताना ठरलेली हवी.

मिस्टरांचा रिपोर्ट दोन वर्षांचा जुना आहे, तो पुन्हा करा. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा आहे. ही तपासणी सोपी आहे, दुखत नाही. तुम्हाला भूल देण्याआधी ती झालेली नसणं मला अजिबात मान्य नाही.

भुलेबद्दल. निदानासाठीच्या लॅप्रोस्कोपीत आतडं, मूत्राशय किंवा रक्तवाहिनीला इजा होण्यासारखी गंभीर गुंतागुंत हजारात साधारण दोघींना होते. धोका कमी आहे, पण आहे. आणि तुमच्या बाबतीत जुन्या ऑपरेशनमुळे आतडं पोटाच्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं, म्हणून सर्जनला व्रण दाखवा. चिकटलेलं असण्याची शंका असेल तर बेंबीऐवजी डाव्या फासळ्यांखालून आत शिरतात, ती जागा तुलनेने सुरक्षित असते. पॅरिसचे राऊल पामर यांच्या नावाने ती ओळखली जाते. भूलतज्ज्ञांना मागच्या वेळी काय त्रास झाला ते सांगा, भीती वाटते हेही सांगा. नैराश्यासाठी काही गोळ्या चालू असतील किंवा जी-सिक्स-पी-डी या, तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर तेही नक्की सांगा, कारण मेथिलीन ब्लू हा निळा डाय अशांना चालत नाही. त्यांच्यासाठी दुसरा पर्याय घेता येतो.

तपासणी पाळी संपल्यानंतर, बीज फुटण्याच्या आत करतात. त्या महिन्यात संबंध टाळा किंवा निरोध वापरा, आणि सकाळी गर्भचाचणी करून घ्या. ठरलेल्या वेळेपासून उपाशी राहायचं, ते किती तास हे रुग्णालय सांगेल. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. खांदा दुखला तर घाबरू नका, पोटात उरलेल्या वायूमुळे श्वासपटलाला होणारी ती टोचणी असते आणि एक-दोन दिवसांत जाते. लघवी निळी-हिरवी होईल. थोडं डाग लागेल. मात्र एक नियम पक्का ठेवा: दुखणं रोज थोडं कमी होत गेलं पाहिजे. ते वाढू लागलं, ताप आला, उलट्या थांबेनात, पोट फुगलं, तर सकाळपर्यंत वाट न बघता रुग्णालयात जा. आतड्याची इजा कधीकधी दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढते.

डॉक्टरांकडून नुसता 'ट्यूब ओपन' असा शेरा घेऊन येऊ नका. कुठल्या नळीतून डाय लगेच आला, कुठल्या नळीला दाब द्यावा लागला, झालर कशी होती, पडदे कुठे होते आणि काय सोडवलं, हे लिहून मागा. चित्रफीत मिळत असेल तर तीही घ्या. पुढे डॉक्टर बदलावे लागले तर हीच तपासणी पुन्हा करायची वेळ येणार नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. दुर्बिणीत सगळं चांगलं दिसलं तर ती चांगली बातमी आहे, पण केसांची हालचाल, स्रावाची प्रत, बीज टिपलं जातं की नाही, हे कुठल्याच दुर्बिणीत दिसत नाही. त्यामुळे शंभर टक्क्यांची खात्री मी देणार नाही आणि कोणी देत असेल तर जपून ऐका. 'दोष' हा शब्द मात्र तुमच्या पत्रातून मी काढून टाकते. चौदा वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्स फुटतं यात तिचा काय दोष?

तपासणीनंतरचे महिने वाया घालवू नका. डाय गेल्यानंतर काही स्त्रियांना आपसूक दिवस राहतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात सुमारे ११०० स्त्रियांची एचएसजी झाली. तेलातला डाय वापरलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के आणि पाण्यातला वापरलेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत टिकणारा गर्भ राहिला. त्या स्त्रियांच्या नळ्यांना धोका कमी होता, त्यामुळे ते आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. पण तुमची एचएसजी गेल्याच महिन्यात झाली आहे. लॅप्रोस्कोपीची तारीख मिळेपर्यंतच्या महिन्यांत प्रयत्न चालू ठेवायला काहीच हरकत नाही. लॅप्रोस्कोपीनंतर नळ्या बऱ्या निघाल्या तर मी सहा महिने ते एक वर्ष देईन, त्याहून जास्त नाही. पडदे सोडवल्यानंतर जे गर्भ राहतात ते बहुतेक पहिल्या वर्षातच राहतात, आणि नुसती आशा धरून तिशीतली वर्षं घालवणं परवडत नाही.

पाळी चुकली आणि चाचणी पॉझिटिव्ह आली, तर आनंद जरूर करा, पण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना हे बघून घ्या. नळी एकदा आजारी पडलेली असेल किंवा तिच्यावर काम झालेलं असेल, तर गर्भ नळीतच राहण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. त्या आठवड्यांत पोटात एका बाजूला दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली किंवा रक्त गेलं, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट बघू नका. सरळ तातडीच्या विभागात जा आणि दारातच सांगा की माझ्या नळ्यांवर उपचार झाले आहेत आणि चाचणी पॉझिटिव्ह आहे.